रस्त्यावरचा पाला आणि दावणीतला कडबा

मे महिना संपत आला आणि आभाळात वळवाचे ढग जमू लागले, की छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीच्या भागांत एक वार्षिक उपक्रम पार पडतो. विजेच्या तारांना भिडलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी छाटल्या जातात. कडुनिंब, पिंपळ, शिरीष, सुबाभूळ अशा झाडांच्या हिरव्यागार डहाळ्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला लागतात. दोन-तीन दिवसांत ते सुकतात. त्यांतील जाड लाकूड कोणीतरी चुलीसाठी उचलून नेतो, आणि उरलेला पाला एकतर कचऱ्याच्या गाडीत जातो, नाहीतर जागच्या जागी पेटवून दिला जातो. नेमक्या याच दिवसांत शहराच्या वेशीपासून पाच-दहा कोसांवरील गावांत, आणि खुद्द शहरातल्या काही गल्ल्यांतही, जनावरांच्या दावणीत वर्षभरातला सर्वांत निकृष्ट चारा पडलेला असतो. एकीकडे चाऱ्याची राख होते आणि दुसरीकडे चाऱ्याअभावी जनावर आटते. ही विसंगती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विसंगत आहे, असे कोणाला वाटतही नाही.

मराठवाड्यात तरी हा प्रश्न किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. १९७२ च्या दुष्काळाची आठवण जुन्या पिढीच्या मनातून अद्याप पुसली गेलेली नाही. त्यानंतर २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या वर्षांनी प्रत्येक वेळी हेच दाखवून दिले की दुष्काळात माणसाला धान्य पोहोचविणे एक वेळ जमते, परंतु जनावराला चारा पोहोचविणे जमत नाही. धान्य पोत्यात मावते. चारा मावत नाही. बैलजोडी किंवा दुभती गाय मातीमोल किमतीला विकावी लागली, की त्या कुटुंबाची पुढच्या कित्येक वर्षांची शेती व मिळकतच विकली जाते. दुष्काळ संपल्यावर पाऊस परत येतो. विकलेले जनावर परत येत नाही.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३९ लाख गाई-बैल, ५६ लाख म्हशी, १ कोटी ६ लाख शेळ्या आणि २७ लाख मेंढ्या होत्या. एवढ्या पशुधनाला पुरेल इतका चारा राज्यात पिकत नाही, हे सर्वमान्य आहे. किती कमी पडतो, याविषयी मात्र एकवाक्यता नाही. झाशी येथील भारतीय चारा व कुरण संशोधन संस्थेच्याच देशपातळीवरील दोन अंदाजांची तुलना केली, तर एकात हिरव्या चाऱ्याची तूट ३५ टक्क्यांहून अधिक आणि वाळलेल्याची सुमारे ११ टक्के दिसते, तर नंतरच्या अंदाजात हिरव्याची सुमारे ११ टक्के आणि वाळलेल्याची २३ टक्क्यांवर जाते. चाऱ्याचे गणित मांडणे किती अवघड आहे, याचा हा पुरावाच म्हटला पाहिजे. शेतात पेरलेला चारा मोजता येतो, पिकाच्या उत्पादनावरून कडब्याचा अंदाज बांधता येतो. परंतु बांधावरच्या बाभळीचा, परसातल्या शेवग्याचा आणि रस्त्यावरच्या कडुनिंबाचा पाला कोणत्या रकान्यात लिहावयाचा?

कडबा गेला, उणीव राहिली

मराठवाड्यातील चाऱ्याची व्यवस्था पूर्वी ज्वारीवर उभी होती. कणीस माणसाला आणि कडबा जनावराला, अशी ही सरळ वाटणी होती. १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात ज्वारीखालील क्षेत्र साठ लाख हेक्टरांहून अधिक होते; आज ते त्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास उतरले आहे. तिची जागा सोयाबीन व कपाशी या पिकांनी घेतली. शेतकऱ्याने रोख पैशाचे पीक निवडले, यात त्याची चूक नाही. परंतु कपाशीच्या पऱ्हाट्या जनावर खात नाही आणि सोयाबीनचे भुसकट म्हणजे कडबा नव्हे. साहजिकच कडब्याच्या पेंढीला भाव आला आणि तो विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांची जनावरे अर्धपोटी राहू लागली.

त्यातही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कडबा पुरेसा मिळाला तरी त्याने जनावराचे पोट भरते, पोषण होत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सर्वांत मोठा कप्पा, म्हणजे कोटीपोट, हा एक प्रचंड आंबवणीचा हौद असतो. त्यातील असंख्य सूक्ष्मजीव चाऱ्यातला काष्ठमय भाग फोडतात आणि त्यावर जनावर जगते. परंतु या सूक्ष्मजीवांनाही जगण्यासाठी नत्र लागते. एकंदर आहाराच्या कोरड्या वजनात प्रथिनांचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेले, की त्यांची वाढ मंदावते, चारा पोटात अधिक काळ पडून राहतो आणि जनावर खाणेच कमी करते. कडब्यातील प्रथिनांचे प्रमाण ३ ते ४ टक्क्यांच्या घरात असते. गव्हाणीत कडबा असूनही उन्हाळ्यात गुरे खंगतात, याचे कारण येथे आहे.

पाल्याचे महत्त्व याच ठिकाणी कळते. सुबाभूळ, शेवरी, हादगा, गिरिपुष्प, शेवगा यांच्या पाल्यात कोरड्या वजनाच्या २० टक्के किंवा त्याहून अधिक प्रथिने असतात. कडुनिंबात ती साधारणतः १२ ते १५ टक्के आढळतात. झाडाचे मूळ खोल जात असल्यामुळे, जमिनीवरचे गवत करपून गेल्यानंतरही, फाल्गुन-चैत्रात त्याला नवी पालवी फुटते. भर उन्हाळ्यात जनावराला मिळू शकणारी ही जवळजवळ एकमेव हिरवी वस्तू होय. तिच्यातून जीवनसत्त्व ‘अ’ तयार होण्यास लागणारे कॅरोटीन मिळते, कॅल्शियमही मिळते. केवळ वाळल्या चाऱ्यावर महिनोन् महिने काढलेल्या गुरांना रातांधळेपणा येतो, तो या हिरव्याच्या अभावानेच.

साधा हिशेब करून पाहावा. साडेतीनशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला सुमारे नऊ किलो कोरडा चारा लागतो. तो सगळा कडबाच असेल, तर त्यातील प्रथिने साडेतीन टक्क्यांच्या आसपास भरतात. त्यातील एक-पंचमांश भाग, म्हणजे सुमारे दोन किलो, सुबाभळीसारख्या वीस टक्के प्रथिनांच्या पाल्याने भरून काढला, तर संपूर्ण आहाराची सरासरी सात टक्क्यांपर्यंत येते. हिरव्या पाल्यात दोन-तृतीयांश पाणीच असते, हे धरले तर दोन किलो कोरड्या पाल्यासाठी सहा किलो हिरवा पाला पुरे. कडुनिंबाचा पाला असेल तर तो नऊ किलोंपर्यंत लागेल. शेळीला तर याहूनही थोडे. तीस किलोंच्या शेळीचा रोजचा आहार कोरड्या वजनात सुमारे एक किलो असतो आणि त्याचा तिसरा हिस्सा किलोभर हिरव्या पाल्याने भागतो.

या हिशेबातून एकच निष्कर्ष काढावयाचा आहे, आणि तो नेमका समजला पाहिजे. पाला हा चाऱ्याला पर्याय नाही. तो पूरक आहे. पाल्याच्या भरवशावर गोठा उभा राहत नाही, परंतु थोड्याशा पाल्याने आहे तोच कडबा जनावराच्या अंगी लागतो. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे, तर कडब्याच्या दहाव्या पेंढीपेक्षा पाल्याच्या पहिल्या भाऱ्याचे सीमांत मोल कितीतरी अधिक आहे. दुष्काळाच्या काळात चाऱ्याचे केवळ टनावारी आकडे मांडणाऱ्या प्रशासनाला नेमके हेच दिसत नाही.

जुने ज्ञान आणि अर्धवट प्रयोग

ही काही नवी विद्या नव्हे. धनगरांच्या हातातील आकडी बाभळीच्या फांद्या वाकवण्यासाठीच असते. उत्तर युरोपातील शेतकरी कित्येक शतके एल्म आणि ॲश या झाडांच्या डहाळ्या उन्हाळ्यात तोडून, वाळवून, हिमकाळासाठी साठवीत आले. हिमालयाच्या उतारांवरील गावांतून आजही स्त्रिया ओकच्या पाल्याचे भारे डोक्यावरून आणतात. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात इंग्रजी अमदानीतील जंगलखात्यावर जो कोरडा ओढला, त्याचे एक कारण हेच होते, की डोंगर-राने सरकारजमा झाल्याने गरीब शेतकऱ्याच्या शेरडाकरडांना तोंड घालावयास जागा उरली नाही. पाल्याचा प्रश्न हा मुळात हक्काचा प्रश्न आहे, ही जाणीव त्या लेखनात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी व्यक्त झालेली आहे.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने या दिशेने एक मोठा प्रयोग पाहिला. गांधीजींबरोबर १९४६ साली उरुळी कांचन येथे आलेल्या मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. संकरित गोपैदाशीचे तिचे काम सर्वश्रुत आहे. त्या कामाबद्दल मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. दुधाळ गाय शेतकऱ्याच्या दारात आणून बांधली तरी तिच्यापुढे टाकावयास काय, या प्रश्नाच्या उत्तरादाखल या संस्थेने हवाई बेटांवरून आलेल्या उंच वाढणाऱ्या सुबाभळीचा मोठ्या हिरिरीने प्रसार केला. चारा, सरपण, लाकूड आणि जमिनीला नत्र असे चौपदरी आश्वासन घेऊन हे झाड आले आणि ऐंशीच्या दशकात त्याचे नाव प्रत्येक शेतकरी मेळाव्यात गाजू लागले.

पुढे हा उत्साह ओसरला, आणि त्याची कारणे बोधप्रद आहेत. १९८८ च्या सुमारास सुबाभळीचे कोवळे शेंडे शोषून घेणारी कीड भारतात पोहोचली. शिवाय शेंगांतील बी वाऱ्यावर व पाण्यातून पसरून नको तेथे उगवू लागले आणि शेतकऱ्याला ते झाड तण वाटू लागले. सर्वांत महत्त्वाची अडचण खुद्द पाल्यातच होती. सुबाभळीत मिमोसीन नावाचे विषारी द्रव्य असते. घोड्याला तो पाला भरपूर खाऊ घातला तर त्याची आयाळ गळते. गुरांना तो एकट्यानेच दीर्घकाळ दिला तर त्यांच्या गळ्यातील ग्रंथी सुजते व वजन घटते. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ रे जोन्स यांच्या लक्षात आले की हवाईतील शेळ्या मात्र हाच पाला निर्धास्तपणे पचवितात. त्या शेळ्यांच्या कोटीपोटात हे विष फोडणारा एक जिवाणू होता. तो ऑस्ट्रेलियातील गुरांच्या पोटात सोडला गेला आणि तेथील अडचण बरीचशी दूर झाली. १९९२ मध्ये त्या जिवाणूचे नामकरण झाले, तेव्हा त्याला जोन्स यांचेच नाव देण्यात आले.

सामान्य शेतकऱ्याला या शास्त्रीय कथेतून घ्यावयाचा धडा अगदी साधा आहे. सुबाभळीचा पाला एकूण आहाराच्या एक-तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नये, आणि तो इतर चाऱ्यात मिसळूनच द्यावा. एवढे पथ्य पाळले तर ते झाड आजही उपकारकच आहे. परंतु ज्या जोमाने झाडाचा प्रचार झाला त्या जोमाने त्या पथ्याचा झाला नाही. आपल्याकडच्या अनेक विकासयोजनांची कथा हीच आहे: रोप पोहोचते, त्याच्याबरोबरचे शहाणपण वाटेतच राहते.

प्रत्येक हिरवे पान चारा नसते

शहरातील पाल्याचा विचार करताना हे शहाणपण अधिकच निकडीचे ठरते. रस्त्याच्या दुभाजकांत शोभेसाठी लावलेली कण्हेर गाई-शेळ्यांना जीवघेणी आहे. तिची मूठभर पाने चाऱ्यात मिसळली गेली तरी शेळी दगावते. घाणेरीच्या पाल्याने यकृताला इजा होते आणि जनावराची कातडी उन्हात सोलवटते. सप्तपर्णीचा चीक आणि निलगिरीचा तेलकट पाला यांच्यापासूनही जनावराला दूरच ठेवलेले बरे. कोवळ्या ज्वारीची किराळ लागून गाय कशी पाहता पाहता आडवी होते, हे ज्या शेतकऱ्याने पाहिले आहे, त्याला ‘हिरवे ते सारे खाण्याजोगे नसते’ हे निराळे सांगावे लागत नाही. परंतु छाटलेल्या फांद्यांचा मिश्र ढीग जेव्हा शहरातून परक्या हाती जातो, तेव्हा ही पारख हरवते.

बाभूळ, जांभूळ यांसारख्या झाडांच्या पाल्यात तुरट टॅनिन द्रव्ये अधिक असतात. ती थोडी असली तर प्रथिनांना कोटीपोटात वाया जाऊ न देता पुढे नेतात, म्हणजे हितकरच ठरतात. फार झाली तर तीच प्रथिने बांधून ठेवतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. दोन-चार झाडांचा पाला मिसळून देणे, हा त्यावरचा जुना व बिनखर्ची उपाय आहे. शेळी मोकळी सोडली तर या झाडाचे दोन घास, त्या झाडाचे चार, असे करीत फिरते, ती चंचलपणाने नव्हे. तो तिचा आहारविवेक आहे. गिरिपुष्पाचा ताजा पाला वासामुळे जनावर नाकारते, पण एक दिवस सावलीत सुकविला की खाऊ लागते.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. झाडून गोळा केलेला पानगळीचा पाचोळा आणि फांदीवरून तोडलेला हिरवा पाला यांत मोठे अंतर आहे. झाड आपले पान टाकण्यापूर्वी त्यातील नत्राचा सुमारे निम्मा भाग परत खोडात ओढून घेते. निसर्गाइतका काटेकोर हिशेबनीस दुसरा नाही. म्हणून पिवळे पान गळून पडते तेव्हा त्यातील सत्त्व आधीच निघून गेलेले असते. अशा पाचोळ्याची योग्य जागा खताच्या खड्ड्यात आहे, गव्हाणीत नव्हे. त्यात रस्त्यावरची माती आणि प्लास्टिकच्या चिंध्या मिसळलेल्या असतात, हे वेगळेच. छाटणीच्या फांद्यांचे तसे नाही. तो पाला झाडावर असताना, पूर्ण सत्त्वासह, तोडलेला असतो. त्याला केवळ वेळेत उचलणारे हात हवे असतात.

मालकी कोणाची?

हे हात कोठे आहेत? पुंडलिकनगरसारख्या वसाहतींत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे राहतात. गाव सुटले तरी शेळी सुटली नाही, अशी घरे शहराच्या कडेकडेला अजूनही आहेत. शेळीला गरिबाची गाय म्हणतात, ते अलंकारिक नव्हे. उस्मानाबादी जातीची, बहुधा जुळी करडे देणारी शेळी ही घरातल्या बाईची बँक असते. मुलाची शाळेची फी, म्हाताऱ्याचे औषध, अडीनडीचा प्रवास यांची तरतूद एका बोकडाच्या विक्रीतून होते. आणि या बँकेत रोजचा भरणा पाल्याच्या भाऱ्याने होतो. तो भारा गोळा करण्यात जाणारे दोन-तीन तास कोणत्याही हिशेबात धरले जात नाहीत, कारण ते बाईचे असतात आणि त्यांना मजुरी पडत नाही.

महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांतील झाडांचे संरक्षण करणारा कायदा १९७५ चा आहे. झाड तोडणे या संज्ञेत त्याने जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणे यांचा समावेश केला आहे. झाडांच्या रक्षणासाठी ही व्याख्या आवश्यकच होती, आणि ती सैल करावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिचा व्यवहारातला परिणाम असा, की हातात आकडी घेऊन शेळीसाठी चार डहाळ्या ओढणारी बाई कायद्याच्या कक्षेत येते, आणि तिच्याच डोळ्यांदेखत परवानगीने छाटलेल्या गाडाभर फांद्या कचरा होऊन जातात. झाडाला यातून काही लाभ नाही आणि बाईलाही नाही. दोष व्याख्येचा नसून, परवानगीने तोडलेल्या पाल्याचे पुढे काय व्हावे याचा विचारच कोणी केला नाही, याचा आहे.

या अविचाराची किंमत या शहराने एकदा चुकविली आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या आणि कित्येक आठवडे शहराच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्याजवळ प्रकरण दगडफेक आणि जाळपोळीपर्यंत गेले. कचरा जेथे निर्माण होतो तेथेच वेगळा झाला पाहिजे, हा धडा त्या काळात सर्वांनी पाठ केला. बागेतला व झाडांचा कचरा वेगळा ठेवण्याचे बंधन २०१६ च्या घनकचरा नियमांनीही घातलेच होते. तरीही ओला आणि सुका या दोन डब्यांच्या पलीकडे आपली विचारशक्ती गेली नाही. जो पदार्थ कचराच नव्हे त्यालाही यांपैकी एका डब्यात बसविण्याचा खटाटोप चालूच राहिला.

मग पाल्याला भाव द्यावा, त्याचा लिलाव करावा, असा उपाय कोणी सुचवील. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात तोच दिलेला असतो. आणि येथे तो नेमका घातक ठरेल. हिरव्या पाल्यात दोन-तृतीयांश पाणी असल्यामुळे तो दूर वाहून नेणे परवडत नाही. ज्याला परवडेल तो ठेकेदार फांद्यांसकट सारा माल उचलून इंधनाच्या भट्टीकडे नेईल, कारण त्याचा नफा लाकडात आहे, पानांत नाही. ज्या वस्तूवर आज निदान उष्ट्यासारखा का होईना गरिबाचा हात पडतो, ती उद्या निविदेच्या कागदावर चढेल आणि त्याच्या हातून सुटेल. काही वस्तूंचे मोल मोठे असते, पण त्यांना किंमत लावताच त्या योग्य माणसापासून दूर जातात. पाला हा त्या वर्गात मोडतो.

करता येण्याजोगे

म्हणून हवी आहे ती बाजारपेठ नव्हे, साधी व्यवस्था. छाटणी कोणत्या भागात कोणत्या दिवशी होणार, हे आठ दिवस आधी जाहीर करावे. प्रत्येक प्रभागात एखादी मोकळी जागा ठरवून तेथे चाऱ्यायोग्य झाडांच्या डहाळ्या एक दिवस आणि एक रात्र ठेवाव्यात व ज्याला हव्यात त्याला फुकट नेऊ द्याव्यात. उरेल ते खताला जावे. कण्हेर, घाणेरी व तत्सम झाडांची छाटणी निराळ्या दिवशी करून ती थेट खताकडे न्यावी. कोणता पाला चालतो आणि कोणता नाही, याचा एक चित्रफलक पशुवैद्यकीय दवाखान्याने तेथे लावावा. जालना रस्त्यासारख्या अखंड रहदारीच्या मार्गावरचा धुळीने माखलेला पाला वगळावा. आतल्या गल्ल्यांतला झटकून, धुऊन देता येतो. या साऱ्याला नवा कायदा लागत नाही आणि नवे खातेही लागत नाही.

समजा, छाटणीच्या एका दिवसात दोन टन फांद्या निघाल्या आणि त्यात निम्मे वजन पाल्याचे व कोवळ्या काटक्यांचे भरले, तर तो एक हजार किलो पाला शंभर शेळ्यांना दहा दिवस पूरक म्हणून पुरेल. सावलीत सुकवून ठेवला तर त्याहूनही पुढे जाईल. एवढ्याने मराठवाड्याचा चाराप्रश्न सुटेल, असा दावा कोणी करू नये. तो सुटणार आहे शेताच्या बांधावर. शेवरी, हादगा, शेवगा, अंजन, सुबाभूळ यांची एक-एक ओळ प्रत्येक बांधावर उभी राहिली, तर प्रत्येक शेतकऱ्याच्या मालकीची एक हिरवी पेढी तयार होईल. रोजगार हमीच्या कामांत हे काम बसविण्यास अडचण नसावी. ज्या राज्याने १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीचा कायदा घडविला, त्याला हे अशक्य नाही.

तुलनेसाठी दुष्काळी छावण्यांचा खर्च पाहावा. २०१९ च्या उन्हाळ्यात मोठ्या जनावरामागे दररोज ९० रुपये आणि पुढे १०० रुपये, लहान जनावराला त्याच्या निम्मे, असे अनुदान शासनाने दिले. शंभर दिवसांची छावणी म्हणजे एका मोठ्या जनावरामागे दहा हजार रुपये. त्या पैशाने जनावरे वाचली, ही समाधानाचीच गोष्ट होय. परंतु छावणी उठली की मागे काय उरते? गव्हाणीत पडणारे उसाचे वाढे संपते. त्यातील ऑक्झलेट तर जनावराच्या शरीरातील कॅल्शियमही बांधून घेते. पुढच्या दुष्काळात तोच खर्च पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. शिवाय छावणीची कल्पनाच मुळात गाई-बैलांभोवती उभी राहिलेली. शेळ्या-मेंढ्यांचा विचार तिच्यात उशिरा शिरला. एकदा लावलेले झाड मात्र दर उन्हाळ्याला, मागणी-पत्राची वाट न पाहता, पालवत राहते.

दोन आक्षेप उरतात. पहिला झाडांच्या बाजूचा. पाल्याला उपयोग सापडला की लोक झाडे ओरबाडून उघडी-बोडकी करतील, ही भीती निराधार नाही. डोंगरातली कित्येक राने अशीच उजाड झाली. म्हणूनच शहरात पाला मिळावा तो केवळ अधिकृत छाटणीतूनच, आणि बांधावर एका वेळी एक-तृतीयांशाहून अधिक फांद्या तोडू नयेत, हा दंडक पाळला गेला पाहिजे. छाटलेला पाला सहजी मिळू लागला, तर उभ्या झाडावर आकडी टाकण्याची गरज कमीच होईल. दुसरा आक्षेप नागरी स्वच्छतेच्या बाजूचा: शहरात जनावरे हवीतच कशाला? शहरी भागांत गुरे पाळण्यावर नियंत्रण ठेवणारा १९७६ चा कायदा राज्यात आहे आणि रस्त्यात बसलेल्या गुरांचा उपद्रव कोणीही नाकारणार नाही. परंतु हा पाला ज्यांच्यासाठी मागितला जात आहे ती मोकाट गुरे नव्हेत. दावणीला बांधलेली, कोणाच्या तरी संसाराचा भार उचलणारी जनावरे आहेत. गोठ्यात चारा मिळाला तर कचराकुंडीतले प्लास्टिक चघळणारी गायही काही प्रमाणात कमी होईल, आणि ते स्वच्छतेच्याच हिताचे आहे.

टंचाईच्या प्रदेशात शहाणपणाची खूण नवी साधने शोधण्यात जितकी असते, तितकीच हाताशी असलेले वाया न घालविण्यात असते. नाथसागराचे पाणी शहराच्या नळापर्यंत आणण्यासाठी कोट्यवधी रुपये आणि कित्येक वर्षे खर्ची पडतात. खोल मुळांनी तेच दुर्मिळ पाणी ओढून झाडाने तयार केलेले हिरवे पान मात्र एका काडीने राख होते. येत्या मे महिन्यात पुंडलिकनगरच्या रस्त्यांवर पुन्हा फांद्या पडतील. त्या पडण्याच्या आदल्या दिवशी गल्लीत कोणी तशी दवंडी दिली, तर भारा उचलायला येणाऱ्या बाया कमी पडणार नाहीत.